टाकीमागची सीट

देवाजी गजभिये सतरा वर्षं विमानं ढकलत होता. सकाळी बाहेर काढायची, धुवायची, पेट्रोल भरायचं, संध्याकाळी परत आत घ्यायची. विमानात बसून मात्र त्याने एकदाही जमीन सोडली नव्हती, आणि सोडायची इच्छाही नव्हती.

सोनेगावच्या धावपट्टीच्या कडेला पत्र्याचं एक शेड होतं. कापसावर औषध फवारणारी एक छोटी कंपनी तिथे आपली तीन विमानं ठेवायची. देवाजी तिथे हेल्पर लागला तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. इंदोऱ्याहून सायकलवर निघून, सदर मागे टाकून, तो आठाच्या आधी शेडपाशी पोचायचा. वस्तीतले लोक विचारायचे, वरून नागपूर कसं दिसते गा? तो म्हणायचा, "मी वर गेलो तं खाली विमान कोण पाह्यल?" लोक हसायचे. खरी गोष्ट वेगळी होती. विमान म्हणजे काय ते त्याला माहीत होतं. लोखंडी नळ्या, त्यांवर ताणलेलं कापड, आणि हे सगळं धरून ठेवणारे करंगळीएवढे बोल्ट. ज्याने हे बोल्ट रोज हाताळले त्याला विमानाची हौस उरत नाही.

त्याची कामाची रीत ठरलेली होती. बोल्टवर खाचांचा नट बसतो. तो फिरून सुटू नये म्हणून बोल्टच्या भोकातून एक बारीक पिन आरपार घालतात आणि तिची टोकं वळवतात. देवाजी जितके बोल्ट तितक्याच पिना डब्यातून घ्यायचा, एकही जास्त नाही. नट आधी नुसते बोटांनी फिरवून ठेवायचा. पान्याने शेवटचं आवळणं आणि पिन एकाच वेळी. काम संपलं की तळहात उघडून बघायचा. हात रिकामा, म्हणजे काम पुरं.

त्याच्यामागून इंजिनिअर चंद्रभान बोकारे तपासायचे आणि वहीत सही करायचे. पहिली काही वर्षं त्यांनी एकेक पिन ओढून पाहिली. मग अधूनमधून. मग ते नुसते देवाजीच्या तोंडाकडे बघू लागले.

शेडमध्ये आणखी एक गोष्ट होती. इंजिन चालू असलं की कोणी बोलत नसे. बोलून कानात काही जातच नव्हतं. सगळं हातांनी आणि मानेने चालायचं. मूठ वर म्हणजे थांब. दोन्ही अंगठे बाहेर म्हणजे चाकांपुढच्या लाकडी ठोकळे काढ. मान खाली म्हणजे झालं. देवाजीला तर घरीही सवय लागली होती. भागीरथा, त्याची बायको, चुलीकडे तोंड करून काही विचारायची आणि हा मागे बसून मान हलवायचा. ती चिडायची. "मले काय मागं डोये हायेत?"

एकोणीसशे एक्क्याऐंशीच्या सप्टेंबरात एका विमानाच्या शेपटीवर नवं कापड चढवलं, पंखांखाली फवाऱ्याच्या नव्या नळ्या बसवल्या, आणि औषधाची मोठी टाकी पुढच्या आणि मागच्या सीटच्या मधे टाकली. नळ्यांची आधी साध्या पाण्याने चाचणी घ्यायची होती. नळ्यांची तोटी गळते का, नळी थरथरते का, ते पुढे बसलेल्या पायलटला दिसत नाही. मागे माणूस हवा. पूर्वी मागचा माणूस पायलटच्या खांद्यावर थाप मारून सांगायचा. आता मधे टाकी होती. हात पोचत नव्हता आणि एकमेकांची तोंडंही दिसत नव्हती.

म्हणून कंपनीचे पायलट, कॅप्टन दिवेकर, यांनी एक यंत्र आणलं. साबणाच्या डब्याएवढी पेटी, आत लहान बॅटरी. पेटीतून दोन वायरी निघत, प्रत्येकीला कानावर चढवायचे जाड कप आणि ओठांपुढे येणारा लहान माइक. वायरीवर एक बटण. बटण दाबून बोललं की दुसऱ्याला ऐकू जाई. नाही दाबलं तर नाही. विमानात कुठे वायर जोडायची गरज नव्हती, पेटी एका विमानातून काढून दुसऱ्यात ठेवता यायची. सगळे त्याला इंटरकॉम म्हणू लागले.

पेटी आली त्या सकाळी देवाजी शेपटीवर काम करत होता. शेपटीला आडवे दोन हलते भाग असतात, डावा आणि उजवा. ते वर-खाली झाले की विमानाचं नाक वर-खाली होतं. त्यांना एलिवेटर म्हणतात. प्रत्येक भाग तीन बोल्टांवर. सहा बोल्ट, सहा पिना. चार बसल्या होत्या तेव्हा कॅप्टनने हाक मारली, देवाजी, ये, ही पेटी धर, आवाज तपासू. देवाजी काम अर्धं सोडून जात नसे. पण कॅप्टनची हाक होती. उरलेल्या दोन पिना त्याने सदऱ्याच्या खिशात टाकल्या आणि गेला.

अर्धा तास त्याने कान झाकून कॅप्टनचं एक, दोन, तीन ऐकलं. परत आला, खिशात बोटं घातली, पिन काढली, बोल्ट पुरा केला. तळहात उघडला. रिकामा होता. त्याने जोडांवरची पत्र्याची झाकणं लावली आणि स्क्रू आवळले.

बोकारे साहेबांचे त्या आठवड्यात डोळे आले होते. काळा चष्मा लावून, रुमालाने पाणी टिपत ते आले. झालं का, विचारलं. झालं जी, देवाजी म्हणाला. त्यांनी वही डोळ्यांजवळ धरून सही केली. मग म्हणाले की चाचणीला मागे बसायचं काम त्यांचंच, पण या डोळ्यांनी त्यांना तोटी काय, पंखही दिसणार नाही. नळ्या देवाजीने बसवल्या आहेत. देवाजीनेच बसावं.

देवाजीने सांगून पाहिलं की मले पेटीचं समजत नाही. कॅप्टन म्हणाले, बटण दाब आणि बोल, यात समजायचं काय. नाही म्हणायला जागा उरली नाही.

टाकीमागची सीट अरुंद होती. गुडघे टाकीच्या पत्र्याला टेकत. पेटी मांडीवर, बटण उजव्या हातात. विमान धावू लागलं आणि धक्के एकदम थांबले तेव्हा त्याला कळलं की चाकं जमिनीवर नाहीत. त्याने बाहेर पाहिलं नाही. टाकीच्या पत्र्यावरचे रिव्हेट पाहत राहिला. मनात त्रिसरण म्हणू लागला, पहिल्याच ओळीत अडकला. एकोणीस वर्षांचा असताना दीक्षेच्या दिवशी बापाशेजारी उभं राहून म्हटलेलं, त्यानंतर हजारदा म्हटलेलं, ते आठवेना.

कानात आवाज आला. "देवाजी, पाणी सोडतोय. डावीकडे बघ."

आता बघावंच लागलं. खाली कापसाची हिरवी शेतं, बैल मुंगीएवढे. त्याने नजर नळीवर आणली. तेवढंच बघायचं, त्याच्या खालचं नाही. बटण दाबलं, डाव्या बाजूची तिसरी तोटी गळून राहिली, म्हणाला. शाबास, आवाज म्हणाला, आता उजवीकडे. उजवी काच पाण्याच्या तुषारांनी धूसर झाली होती. पुसायला म्हणून त्याने खिशातला रुमाल ओढला.

रुमालाबरोबर काहीतरी बोटाला टोचलं.

त्याने बघितलं. खिशाच्या शिवणीत पिन अडकून होती. सरळ, नवी, टोकं न वळलेली.

डब्यातून सहाच घेतल्या होत्या. सहाच्या सहा लागल्या असत्या तर ही इथे नसती. म्हणजे शेपटीचा एक बोल्ट पिनेशिवाय होता. आणि त्याच्या रीतीप्रमाणे पिन नाही तर पान्याने आवळणंही नाही. तो नट त्याने नुसता बोटांनी फिरवून ठेवला होता. वर झाकण लावलं होतं. गेली वीस मिनिटं इंजिन शेपटीला हलवत होतं.

कोणता बोल्ट तेही त्याला आठवलं. डाव्या भागातला मधला.

त्याने वळून शेपटीकडे पाहायचा प्रयत्न केला. दिसत नव्हती. कानात कॅप्टनचा आवाज निवांत होता. म्हणाले की आता शेताच्या टोकाशी खरा प्रकार करून बघू. अगदी खाली जायचं, पिकावरून पळायचं आणि शेवटच्या झाडांवरून एकदम वर उचलायचं. फवारणीत रोज हेच करावं लागतं.

एकदम वर उचलायचं म्हणजे एलिवेटरवर सगळा जोर येणार.

देवाजीचा अंगठा बटणावर होता, पण दाबला जात नव्हता. सांगितलं तर सतरा वर्षांचं नाव गेलं. बोकारे साहेबांची सही गेली. नोकरी गेली तर या वयात दुसरीकडे कोण घेणार. कदाचित नट जागेवर असेल. कदाचित उतरून गुपचूप झाकण उघडता येईल, कोणाला कळणारही नाही. असा विचार त्याने केला. नंतर त्याने तो कधी लपवला नाही. विमान खाली जात होतं. कापसाची बोंडं वेगवेगळी दिसू लागली.

त्याने बटण दाबलं.

"साहेब, शेपटीच्या एका बोल्टले पिन नाही. माही राहिली. ते माह्या खिशात हाये."

कॅप्टन बोलले, शांतपणे, एकेक शब्द सोडत. "कुठला बोल्ट? शेपटीच्या उभ्या भागाचा की एलिवेटरचा? उभ्याचा असेल तर मी आत्ताच नाक वर घेतो."

देवाजीने उत्तर दिलं. उजवा हात आडवा धरून वर-खाली हलवला, जसा एलिवेटर दाखवायला शेडसमोर सतरा वर्षं हलवत आला होता. मग डावीकडे बोट दाखवलं. मान हलवली. बटण मांडीवर पडलं होतं.

"देवाजी?"

त्याने आणखी जोरात हात हलवला. एलिवेटर. एलिवेटर.

"देवाजी, ऐकू येत नाही. झाडं आली, मी वर घेतोय."

झाडं समोर आली. नाक उचलू लागलं. मागून, पाठीच्या कण्यातून यावा तसा, ठक असा आवाज आला. मग परत एकदा. विमान डावीकडे कललं. देवाजीचा हात अजून हवेत वर-खाली होत होता, आणि तेव्हा त्याला दिसलं की त्या हातापुढे फक्त टाकीचा पत्रा आहे.

त्याने बटण चाचपलं, दोन्ही अंगठ्यांनी दाबलं.

"एलिवेटर! डावा! ओढू नका साहेब, ओढू नका!"

उचलणं थांबलं. विमान झाडांच्या शेंड्यांवरून इतकं जवळून गेलं की त्याला पानं उलटलेली दिसली. पुढची सात-आठ मिनिटं कॅप्टनने त्याला बोलत ठेवलं. आवाज आला का? नाही आला. आता? एकदा आला, हळू. पंख सरळ आहेत? सरळ हायेत. प्रत्येक वेळी तो आधी मान हलवायचा आणि मग भानावर येऊन बटण दाबायचा. कॅप्टनने एकदाही नाक जोराने वर-खाली केलं नाही. वेग न सोडता, लांबून, सपाट आणत चाकं टेकवली. वेग ओसरल्यावर शेपटी आपोआप खाली टेकली.

देवाजीला उतरवेना. बोकारे साहेबांनी त्याच्या काखेत हात घालून त्याला काढलं.

कॅप्टनने स्वतः झाकण उघडलं. नट बोल्टच्या टोकाशी आला होता, दोनच आटे उरले होते. तिघे ते बघत उभे राहिले. बोकारे हळूच म्हणाले की हे शेडच्या बाहेर जायला नको. कॅप्टनने विचारलं, तपासलं कोणी?

"पिन माही राहिली," देवाजी म्हणाला.

बोकाऱ्यांनी काळा चष्मा काढला. डोळे लाल होते. "तपासाचं माह्याकडं होतं. मी पाह्यलं नाही. याच्या तोंडाकडं पाहून सही केली."

कॅप्टनने वही मागवली, जे झालं ते दोघांच्या नावाने लिहिलं आणि दोघांना वाचून दाखवलं. पुढे काय व्हायचं ते वरचे ठरवतील, म्हणाले.

देवाजीने नट आवळून पिन बसवली. मग बाकीची झाकणंही उघडली आणि बोकाऱ्यांना म्हणाला, "बोट लावा साहेब. डोळ्यांनं नाही तं बोटानं पाहा. एकेक ओढा." बोकारे शेपटीपाशी उकिडवे बसले आणि आंधळ्यासारखे एकेक पिन चाचपत, ओढत गेले. सहा झाल्यावर देवाजीने त्यांना पहिलीपासून परत सुरू करायला लावलं.

चाचणी अर्धीच झाली होती. उजव्या नळ्या बघायच्या राहिल्या होत्या. बोकारे म्हणाले, मी बसतो, दिसेल तेवढं दिसेल. सकाळचा डबा देवाजी शेडमागे ओकून आला होता. तरी म्हणाला, काम माह्यं हाये, मीच बसतो.

टाकीमागे बसून त्याने कप कानावर चढवले. ठोकळे निघाले. विमान धावपट्टीच्या टोकाला जाऊन उभं राहिलं.

"देवाजी, भीती वाटते का?"

त्याची मान हलली. मग त्याने बटण दाबलं.

"वाटून राहिली साहेब. लय."

"मग बटण सोडूच नकोस. नुसता श्वास ऐकू आला तरी चालेल."

देवाजीने बटण दाबून धरलं. चाकं सुटली, शेतं खाली गेली, अंगठा आधी दुखला, मग बधिर झाला. त्याने हात बदलला, पण बटण सोडलं नाही.