सर्दीचा दावा

"कसे आहात?" असं विचारलं की निवृत्त हवालदारसाहेब आधी टाचा जुळवायचे आणि मग चोंदलेल्या नाकाने म्हणायचे, "फर्स्ट क्लास, साहेब!" तेव्हाही दोन बोटांनी कपाळ दाबून धरलेलं असायचं.

असा माणूस खडकीतल्या माझ्या वकिलीच्या खोलीत कशाला आला, असं तुम्ही विचाराल. बर्फातल्या चौक्यांवर राहून हवालदारसाहेबांचं नाक कायमचं बिघडलं होतं. अपंगत्व पेन्शनचा दावा मात्र लष्कराने फेटाळला, कारण नोकरीत त्यांनी तक्रार केल्याची नोंदच नव्हती. असणार कुठून? त्यांच्या पलटणीत सर्दीसाठी डॉक्टरकडे जाणाऱ्याची टिंगल व्हायची.

"पेन्शन वाढो न वाढो," ते म्हणायचे, "हे नोकरीत झालं, एवढं त्यांनी मानावं."

वास तर केव्हाच गेला होता. मंडईत हापूस घेताना ते शेजारच्या अनोळखी माणसापुढे आंबा धरायचे, "जरा वास घेऊन सांगता का?"

एकाने माझ्यादेखत सुनावलं, "अहो, मग खाताय तरी कशाला?"

"घरी बायको आहे ना," ते शांतपणे म्हणाले. मला आधी हसू आलं, मग फार वाईट वाटलं.

अपिलात पुन्हा वैद्यकीय तपासणी ठरली. झोप लागत नाही, श्वास कोंडतो, कपाळ ठणकतं, असं सगळं मी त्यांच्याकडून घोकून घेतलं. आत कर्नल डॉक्टरांनी सहज विचारलं, "कैसे हो, हवलदार?"

"फर्स्ट क्लास, सर!"

अपील तिथेच बुडालं.

"अहो, काय केलंत हे?" मी चिडलोच.

"समोर कर्नलसाहेब," ते मान खाली घालून म्हणाले. "त्यांच्यापुढे रडगाणं कसं गायचं?"

मग आम्ही लष्करी न्यायाधिकरणात गेलो. सुनावणीआधीच हवालदारसाहेब हृदयविकाराने गेले. प्रकरण थांबवायचं का, असं मी त्यांच्या पत्नीला, वहिनींना, विचारलं. "नाही, चालू ठेवा," त्या म्हणाल्या.

सुनावणीत मी नियम वाचत होतो. वहिनी मध्येच उठल्या. न्यायमूर्तींनी त्यांना बोलू दिलं.

"ते भिंतीला टेकून, बसूनच झोपायचे. मला जाग आली की मुद्दाम आडवे व्हायचे, मला कळू नये म्हणून. मीही डोळे मिटून घ्यायचे." त्या न्यायमूर्तींकडे वळल्या. "ते कधी बोलले नाहीत, मीही बोलले नाही. त्यांना त्रास होत होता, साहेब. एवढं तरी लिहा."

न्यायमूर्तींनी स्टेनोला खूण केली आणि ते वाक्य लिहून घेतलं. मला मात्र पुढचा नियम वाचता येईना.