कॅलिपरच्या पट्ट्याची वादी

माझ्या मोठ्या बहिणीला लहानपणी पोलिओ झाला. डाव्या पायाला मांडीपासून टाचेपर्यंत कॅलिपर बांधल्याशिवाय तिला उभं राहता येत नाही. कुरखेड्याजवळच्या एका शाळेत ती शिकवते, मी आरमोरीला घरीच चामड्याच्या पर्स आणि पाकिटं करतो. त्या शनिवारी ती आमच्याकडे आली, तेव्हा मांडीच्या चामडी पट्ट्याची कड कडक होऊन कातडीत रुतत होती. बायकोनं पाहिलं आणि मला बाहेर बोलावून म्हणाली, "जखम होऊन राह्यली जी."

रविवारी सकाळी मी तो पट्टा कॅलिपरवरून सोडवला. कडेनं भोकं पाडायची आणि बकरीच्या मऊ चामड्याची बारीक वादी गुंफत न्यायची, म्हणजे कड पूर्ण झाकली जाते. चारही बाजूंची कड मोजली, एक मीटर भरली. कडेच्या साडेतीन पट वादी लागते हे डोक्यात पक्कं होतं. माझ्याकडे चार मीटर होती.

ताईनं विचारलं, "उद्या सकाळच्या गाडीनं जाचं आहे मले. होईन ना?"

"दुपारपर्यंत होते," मी म्हणालो.

अर्ध्याच्या जरा पुढे गेलो आणि हातातली वादी वीतभर उरली. आधी वाटलं, मोजताना चुकलो. मग लक्षात आलं. साडेतीन पट लागते ती साध्या वेढ्याला. मी कड मऊ व्हावी म्हणून दुहेरी गाठीचा वेढा घेत होतो, त्याला सहा-साडेसहा पट लागते. पाकिटांना मी नेहमी साधाच वेढा घेतो. इतकी वर्षं काम करून ही चूक. उसवून साधा वेढा घेतला असता तर वादी पुरली असती, पण कड तशीच रुतत राहिली असती.

तेवढ्यात ताई दोन्ही हातांवर भार देऊन, फरशीवरून सरकत पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली. असं सरकताना मी तिला शाळेच्या दिवसांनंतर पाहिलं नव्हतं. वादी नागपूरहून येते आणि ताईचा एकुलता एक पट्टा मी उघडून ठेवला होता.

बायको म्हणाली, "घामाघूम काऊन झाले?"

"वादी संपली."

डब्यात बकरीच्या चामड्याचा एक बशीएवढा तुकडा होता. रंग काळा, आधीची वादी तपकिरी. त्याचा गोल कापला आणि कडेपासून आत, चकलीसारखा फिरवत, एकाच रुंदीची पट्टी कापत गेलो. एके ठिकाणी पट्टी फार बारीक झाली, तुटेल असं वाटलं, पण तुटली नाही. सुमारे तीन मीटर निघाली.

आता सांधा. जुन्या-नव्या वादीची दोन्ही टोकं खालून तासली, चिकटवायचं सोल्युशन लावलं, दाबून धरलं. ओढल्याबरोबर सुटलं. घाईत मी विसरलो होतो की एका टोकाची वरची चकचकीत बाजू तासावी लागते, नाहीतर सोल्युशन धरत नाही. पुन्हा तासलं, बोटाच्या रुंदीएवढा उतार दिला, वर हातोडी ठेवून थांबलो. ताई दारातून बघत होती.

"तुटला तर?" तिनं विचारलं.

"नाई तुटत."

"तू माह्याकडे पाहून सांग."

मी पाहिलं नाही. सांधा ओढला, आणखी जोरानं ओढला. टिकला. तो पट्ट्याच्या बाहेरच्या बाजूला, वेढ्याखाली दबेल असा नेला, म्हणजे कातडीला गाठ लागणार नाही. चहाच्या वेळेला शेवटचं टोक आत ओवलं.

ताईनं कॅलिपर बांधला, भिंतीला धरून उभी राहिली आणि अंगणापर्यंत जाऊन आली. मी तिच्या चेहऱ्याकडे नाही, पट्ट्याकडे बघत होतो.

"अर्धा काळा, अर्धा भुरा. पोट्टे हासतीन मले," ती म्हणाली. स्वतःच हसली.

सकाळी तिला गाडीत बसवलं. वाटेत कुठंतरी सांधा सुटला असेल, ती उतरताना पडली असेल, असं दिवसभर मनात येत राहिलं. संध्याकाळी फोन केला, मंगळवारी केला, बुधवारी पुन्हा केला.

"कातडी बरी आहे रे," ती बुधवारी म्हणाली. "पण तू आता फोन करू नको वर्गात असताना."