दारातला अर्धा ऐन

बदनापूरच्या शाळेत मी उर्दूतून हिशेब शिकवायचो. गावात उर्दू वाचणारे थोडेच, म्हणून उर्दूतलं समन्स आलं, पावती आली की लोक माझ्याकडेच येत. दिवसभर पोरांपुढे ओरडून आल्यावर कुणाचा कागद हातात घ्यायचाही कंटाळा यायचा.

एका उन्हाळ्यात शेजारची विधवा मावशी जुना हाली रुपया, निजामाच्या टाकसाळीतलं चांदीचं नाणं, घेऊन आली. लेक हैदराबादेत बाळंतपणाला टेकलेली. तिच्याकडे जायचं, म्हणून रुपया विकायचा. "ह्याच्यावर काय लिव्हलंय, वाचा की."

रुपयावर चारमिनार. त्याच्या दारात निजाम सरकारच्या नावाचं पहिलं उर्दू अक्षर, ऐन, असायचं. ह्यावर तो अर्धाच होता, खालचा पोटाचा भाग नव्हताच. मला नवल वाटलं. रविवारी जालन्याला जायचंच होतं, तिथल्या सराफाला दाखवला.

त्यानं भिंगातून पाहिलं. "मास्तर, हा निजाम गादीवर आले त्या पहिल्या सालचा ठसा. शौकीन लोक असाच शोधून राह्यले."

"मंग किंमत?"

"कोरा असता तर चांदीच्या कितीतरी पट. पण घासून अक्षरं झिजली, अन् वर गळ्यात घालायला कडी जोडली होती तिचा डाग. आता चांदीचाच भाव."

परतीच्या गाडीत उभ्यानंच आलो. पाय दुखत होते. मावशी ओट्यावर वाट पाहत बसलेली. "दर दिवाळीला राखेनं घासायची मी. लखलखीत हाय म्हनून जास्त देतेत ना?"

मला खरं बोलवेना. म्हणालो, "कडीमुळं भाव उतरला."

तिनं रुपया हातात घेतला. मग पदर डोळ्याला लावून म्हणाली, "कडी त्यांनीच लावून आणल्ती, माझ्या गळ्यात घालाया. त्यांचं कुठंच बराबर झालं न्हाई बगा."

तिच्या मेलेल्या नवऱ्यावर मी हा ठपका ठेवला होता. थकल्या आवाजात सांगितलं, "मावशी, नुसत्या कडीनं न्हाई. घासण्यानंही अक्षरं झिजली."

तिनं रुपया उलटसुलट करून पाहिला. "मंग दोघांचंबी चुकलं," म्हणाली, आणि पहिल्यांदाच जरा हसली.

दुसऱ्या दिवशी तिनं चांदीच्या भावानं रुपया सराफाला विकला. भाड्याला कमी पडले ते शेजारणींनी जमवले. महिन्याभरानं ती परतली. लेक सुखरूप सुटली होती, मुलगी झाली होती. मला तिनं हैदराबादची बिस्किटं आणली. मी ती वर्गातच वाटून टाकली. दिवसभर ओरडून खायचंसुद्धा त्राण उरत नव्हतं त्या दिवसांत.