शौल राजाचा गाळलेला पाठ

माझ्या बायकोला हे ठाऊक नाही. आईला नाही. प्रार्थनेत डोळे मिटून बसतो तेव्हाही मी या गोष्टीच्या बाजूबाजूने निघून जातो. तुम्हीच पहिले — आणि तुम्हालाच का, ते मला नीट सांगता येणार नाही.

भेस्तानला आमची लहानशी ख्रिस्ती मंडळी आहे. बहुतेक घरं नंदुरबारकडची, कापडाच्या लूमवर पोट भरायला आलेली. दर रविवारी उपासना संपली की मी पोरांना प्राचीन इस्राएलच्या राजांच्या गोष्टी सांगतो. आमच्या खानदानात कॉलेजात गेलेला पहिला मी. बी.ए. झालो. छापील मराठी वाचताना अडखळत नाही, इंग्रजीही वाचतो, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. अभिमान आहे मला त्याचा, कशाला लपवू? एक राजा, एक धडा. रहबामाने जुन्या माणसांचं सोडून बरोबरीच्या पोरांचं ऐकलं — राज्य फाटलं. अहाबाला दुसऱ्याचा मळा हवा झाला — खोटे साक्षीदार उभे राहिले. पोरं कान देऊन ऐकतात.

फक्त शौलापाशी मी उडी मारतो. ज्याच्या जिवावर शौल उठला होता त्या दावीदाने गुहेत शौलाच्या झग्याचा काठ कापला आणि त्याला जिवंत सोडलं, तिथून एकदम डोंगरावरची लढाई आणि शेवट. मधला भाग गाळतो. दरवर्षी. गेल्या वर्षी एका मुलीने विचारलं, "सर, मधली पानं चिकटलीत का तुमची?" पोरं हसली. मीही हसलो — आणि हो म्हणालो.

चिकटलेली नाहीत. त्या पानांवर असं आहे — मेलेल्यांशी बोलणाऱ्या सगळ्यांना शौलाने देशाबाहेर काढलं होतं. मग एक दिवस त्याचीच वाट बंद झाली. स्वप्न पडेना, संदेष्टा बोलेना, देव उत्तर देईना. तेव्हा वेष पालटून तो एन-दोर गावच्या एका बाईकडे गेला. ज्यांना हाकललं, त्यांतल्याच एकीकडे. म्हणाला, मेलेल्या शमुवेल संदेष्ट्याला वर बोलाव. आणि म्हातारा शमुवेल झगा पांघरून जमिनीतून वर आला.

हे पोरांना सांगायला काय हरकत आहे? काहीच नाही. मला आहे.

आमच्या गल्लीत एक कमळामावशी होती. एकटी, साठीची. सुपात ज्वारीचे दाणे टाकून बघायची नि सांगायची — हरवलेलं कुठे आहे, सोयरीक जमेल का. अर्धी गल्ली तिच्या दारात. माझी आई तर उपासनेहून परस्पर तिथे. मी क्लार्कच्या परीक्षेला बसलो होतो. निकाल लागायच्या आत मावशी आईला म्हणाली, यंदा नाही. आणि मी नापास झालो. नळावर बायकांनी धरलंच मला — "मावशीनीच पेपर तपासा वाटस!"

हसण्यासारखंच होतं. पण मला ते लागलं. अख्ख्या गल्लीत शिकलेला मी एक, दवाखान्याचे कागद, बँकेच्या चिठ्ठ्या, शाळेचे फॉर्म सगळे माझ्याकडे आणतात, आणि माझ्यावर हसतात — कुणासाठी? दाणे मोजणाऱ्या बाईसाठी?

मग समोरच्या शोभाताईचं बाळ गेलं. सात महिन्यांचं. दोन दिवस आधी मावशीने त्याला मांडीवर घेतलं होतं, हे सगळ्यांनी पाहिलेलं. दवाखान्यातून इंग्रजीत लिहिलेला कागद मिळाला. शोभाताईचा नवरा तो घेऊन माझ्याकडे आला. भर दुपार. लाइट गेलेली, म्हणून आजूबाजूचे सगळे लूम बंद. आमच्याकडे खटखट कधी थांबत नाही. थांबली की कानात काहीतरी भरून आल्यासारखं होतं. गल्लीतली माणसं दारादारात उभी. माझे वडील रात्रपाळी करून आलेले, उंबऱ्यावर बसलेले. "काय लिखेल शे, भाऊ?" शोभाताईच्या नवऱ्याने विचारलं.

कागदावर स्पष्ट लिहिलं होतं — निमोनिया. मला ते वाचता आलं. मला सगळं वाचता येतं.

मी म्हणालो — "डॉक्टरांना कारण सापडलं नाही, असं लिहिलंय."

बस. एवढंच. डाकीण हा शब्द मी उच्चारला नाही. गरजच नव्हती. सगळ्या माना एकदम वळल्या, मावशीच्या बंद दाराकडे. तो आवाज — माना वळल्याचाही आवाज असतो का हो? त्या शांततेत मला तो ऐकू आला होता.

वडिलांना अक्षरओळख नव्हती. ते माझ्या हातातल्या कागदाकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होते. म्हणाले, "पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. तेच वाचलं.

संध्याकाळपर्यंत मावशीचं पाण्याचं पिंप गल्लीत उलटं पडलं होतं. शेणाचे गोळे दारावर. तिसऱ्या दिवशी घरमालकाने तिला खोली सोडायला लावली. एक बोचकं नि ते सूप घेऊन ती बारडोलीला भाचीकडे गेली. जाताना माझ्या दारापाशी थांबली. वडील उठून रस्त्यापर्यंत तिचं बोचकं घेऊन गेले. एकटे वडील.

त्यानंतर वडिलांनी मला एकही कागद वाचायला दिला नाही. पगाराची चिठ्ठीसुद्धा चौकातल्या पानवाल्याकडून वाचून घ्यायचे. बोलायचे — मीठ दे, दार लाव, असं. दोन वर्षं. मग एका सकाळी लूमवरच छातीत कळ आली. मी पोचलो तेव्हा डोळे उघडे होते, माझ्याकडेच होते, ओठ हलत होते. शब्द आला नाही.

काय म्हणायचं होतं त्यांना? मी उपवास केले. गुडघे टेकले. पाळकांना आडून आडून विचारलं. सगळीकडे गप्प.

आणि मग मी बारडोलीला गेलो. मोटरसायकलवर, डोक्यावर पूर्ण तोंडाचं हेल्मेट. भाचीची खोली साखर कारखान्याच्या बाजूला, हवेत मळीचा उग्र गोड वास. दुपारी बाराचं ऊन. दार उघडंच होतं. हेल्मेट न काढता मी आत जाऊन बसलो. आवाज बदलून म्हणालो, माझा बाप गेलाय, त्याला काही सांगायचं राहिलंय का बघ.

मावशीची नजर कमी झाली होती. तिने सूप पुढे ओढलं, दाणे टाकले, बोटं फिरवली. बराच वेळ. बाहेर उसाच्या ट्रॅक्टरांचा गलका चालू होता, तो मला ऐकू येईनासा झाला. ती बोटं थांबली. आणि ती बोलली. तिचाच आवाज, म्हातारा, चिरका. पण बोलायची ढब — शेवटचं अक्षर दाबून, खाली सोडत — ती ढब वडिलांची.

"पुन्हा वाच."

तुम्ही म्हणाल, दाराआडून तिने त्या दिवशी ऐकलं असेल. असेल. मीही बी.ए. आहे, मीही तेच म्हणतो. पण तेव्हा हेल्मेटच्या काचेवर माझाच श्वास साचून मला काही दिसत नव्हतं.

तिने सूप बाजूला ठेवलं. उठली, भाकरी आणली, वर मिरचीचा ठेचा. "काढ ते डोकावरनं," ती म्हणाली, "नि जेवी ले, मास्तर. उन्हात आलास." दारात पाय ठेवला तेव्हापासूनच तिला कळलं होतं.

शौलालाही त्या बाईने जेवू घातलं होतं. दारचं वासरू कापून. तोही आधी नको म्हणाला होता. मी नको म्हणालो नाही. दोन भाकरी खाल्ल्या. तिने तेवढ्यात एकच मागितलं. "गल्लीमा सांगी दे रे, त्या लेकराला मी काही करं नही. भाचीच्या पोरीला लोक बघायला येतात नि माझं नाव कळलं की परत जातात." मी हो म्हणालो. तिच्या पायांना हात लावून हो म्हणालो.

नाही सांगितलं. एकदा शोभाताईच्या ओट्यापर्यंत गेलो. तिचा दुसरा मुलगा आता शाळेत जातो. ती त्याच्या कपाळाला काजळ लावत होती, मावशीला शिव्या घालत — पहिला खाल्ला माझा, याला तरी सोड. मला बघून म्हणाली, "बसा ना सर, चहा टाकते." मी बसलो. चहा प्यायलो. उठून आलो.

गेल्या महिन्यात बारडोलीहून निरोप आला, मावशी गेली. त्या संध्याकाळी शोभाताईने गल्लीत घरोघरी साखर वाटली. माझ्या दारात आली, म्हणाली, "सर, सुटलो."

मी हात पुढे केला. साखर घेतली. तिच्यासमोर तोंडात टाकली.