अक्कांनी राखलेला वाटा

शेजारच्या कपाशीवर फवारणी सुरू झाली की औषधाचा उग्र वास घरात शिरतो आणि चाळीसगावजवळच्या डोंगरातलं आमच्या आबांचं खळं आठवतं. तिथलं अभयारण्य तेव्हा नवीन होतं. बिबट्यानं ढोर मारलं तर ते त्याचा वाटा म्हणून तसंच सोडायचं, हे आबांनीच गावाला पटवलं होतं. त्या बिबट्याच्या ओढीनं रविवारी शहरातली माणसं यायची, आबांबरोबर जंगल बघायची आणि आमच्याकडे जेवायची. एका शनिवारी बिबट्यानं आबांचंच वासरू मारलं. आबांनी ते बांधाशी तसंच राहू दिलं. रविवारी उजाडताच बघतो तर अर्धवट खाल्लेल्या वासराशेजारी बिबट्या आडवा पडलेला, तोंडाला फेस, मिशांवर दव, आणि सगळीकडे तो वास. आबांची बहीण, आमच्या अक्का, हळूच म्हणाल्या, "कुत्रा त्याना वाटा खाई जातीन म्हनीसन मी बाजूले औषध टाकं व्हतं." वासरू ओढताना बिबट्यानं ते त्या औषधातूनच नेलं होतं. तेवढ्यात एस.टी.नं पाहुणे आले. एकानं कॅमेरा काढला आणि बायकोला म्हणाला, "चला, दिसला तरी!" फोटो होईपर्यंत आबा बाजूला उभे राहिले, मग सगळ्यांना म्हणाले, "चला, बठ्ठा जेवाले चला." अक्कांनी नेहमीसारखं भरीत वाढलं. चांगलं झालं होतं, मी पुन्हा मागून घेतलं. आजही हा वास आला की मला रडू येत नाही. भूक लागते.