आईच्या ताटात नुसता भात

रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं आणि मी नागपूरहून इथल्या एका रुग्णालयात बालरोगतज्ज्ञ म्हणून रुजू झाले होते. एका दुपारी शहराजवळच्या उरल्याहून एक तरुण बाई तान्ही पोरगी घेऊन आली. सोबत सासू. बाईचं माहेर गोंदियाकडचं. मी मराठी आहे हे कळताच तिनं माझा हातच धरला.

"मॅडम, कालपर्यंत चांगली खेळून राहिली होती. आता दूधच घेत नाही."

पोरीला धाप लागली होती, ओठ निळसर पडले होते. रडायला तोंड उघडायची, पण आवाज फुटत नव्हता. आम्ही ऑक्सिजन लावला, न्यूमोनिया धरून औषधं सुरू केली. पण ताप नव्हता, आणि एक्स-रेत हृदय मोठं दिसत होतं. पोरगी दिसायला गुटगुटीत, त्यामुळे खाण्यापिण्यातली कमतरता कुणाच्या मनात येईना. तो बसलेला आवाज मात्र मला स्वस्थ बसू देईना.

मी आईला विचारलं, "बाळंतपणापासून काय खातेस?"

"भात."

"आणखी?"

"भातच, मीठ टाकून. डाळ-भाजीनं पोट्टीचं पोट फुगते म्हणतात ना."

"हव," सासू म्हणाली, "पसिया निकाल के देते हैं, एकदम साफ."

पसिया म्हणजे पेज. पॉलिशचा पांढराशुभ्र तांदूळ, त्याचीही पेज ओतून टाकलेली; बी-वन जीवनसत्त्व कोंड्यात आणि पेजेतच निघून गेलेलं. ते आईच्याच अंगात नसेल, तर दुधात कुठून उतरणार? आणि ते मिळालं नाही की तान्ह्या बाळाचं हृदय थकतं, आवाज बसतो. ते तपासायची सोय आमच्याकडे नव्हती, वाट बघायला वेळही नव्हता. मी थायमिनचं, म्हणजे बी-वनचंच, इंजेक्शन शिरेतून सावकाश दिलं, बाकीची औषधं चालू ठेवली आणि खाटेपाशी स्टूल ओढून बसले. संध्याकाळ व्हायच्या आत धाप उतरली. ओठांवर रंग आला. आवाजाला मात्र आणखी काही दिवस लागले.

सासू भिंतीकडे तोंड करून रडत होती. "मैंने ही सब बंद कराया था, दीदी."

"मांजी, आपने तो भला ही सोचा था," मी म्हटलं. तिच्या बाळंतपणात तिच्या सासूनंही तिला असंच जपलं असणार. मी तिला पाणी दिलं.

आईलाही गोळ्या सुरू केल्या. दुसऱ्या दिवशी सासू घरून डबा घेऊन आली. डाळ होती, लाल माठाची भाजी होती. सून घास हातात घेऊन थांबली.

"पोट्टीचं पोट फुगलं तर?"

सासूनं एकदा माझ्याकडे पाहिलं, मग डबा तिच्यापुढे सरकवला.

"नहीं फूलेगा. खा."