माळाचा वाटा

आमच्याकडे, कळंबच्या बाजूला, जमीन वाटून घेताना एक रीत पाळतात. थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. थोरल्याला स्वतःकडे ओढता येऊ नये, यासाठी ही सोय.

वडील थोरले. जमिनीचे तुकडे दोन होते: कॅनॉलखालचे काळे रान आणि वरचा मुरमाड माळ. माळ लागवडीखाली आणला तो वडिलांनी. दगड वेचून त्यांचेच बांध रचले, पाझर तलावातला गाळ दर उन्हाळ्यात ट्रॉलीने आणून पसरला. चुलते तेव्हा बारामतीत कंपनीत कामाला होते.

वाटे पाडताना वडिलांना माळच भारी वाटला. कॅनॉलकडचा वाटा घेणाऱ्यावर अन्याय नको म्हणून त्यांनी विहीर त्या वाट्यात धरली. तरी मन भरेना, म्हणून गोठाही धरला. आई एकदाच बोलली.

"तुमी केलाय म्हणून तुमाला तसा दिसतोय. जरा दुसऱ्याच्या डोळ्यानं बघा."

वडिलांनी ऐकले नाही. धाकटा माळच मागेल, याची त्यांना धास्ती होती.

भावकी जमली. चुलत्यांना विचार करायला वेळ लागला नाही.

"दादा, मी कॅनॉलचा घेतो. माळ तुमचा तुमालाच ऱ्हाऊ द्या."

भावकीतले एक म्हातारे वडिलांना म्हणाले, "आबा, दगडाला गिऱ्हाईक न्हाय मिळालं बगा." सगळे हसले. चुलतेही हसले.

विहीर आणि गोठा गेल्याबद्दल वडील घरी काही बोलले नाहीत.

"त्यानं माळाकडं बघितलंबी न्हाय," एवढेच म्हणाले.

"आता गुरं कुठं बांधायची ते बघा," आई म्हणाली.

दोन म्हशी विकल्या. त्या हंगामापासून आई चुलत्यांच्या उसात मजुरीने खुरपायला जाऊ लागली. संध्याकाळी चुलती तिला चहा द्यायची, तो ती उभ्यानेच प्यायची. माळावर मटकी आणि हुलगा येतो, पाऊस बरा झाला तर बाजरी.

अजूनही घरी कोणी पाहुणा आला की वडील त्याला आधी माळावर नेतात. कुठला दगड कुठून काढला ते सांगतात. पाहुणा बांधावर हात ठेवून काम चांगले झाल्याचे म्हणतो, मग खाली बघतो आणि त्या उसाला टनेज किती पडते ते विचारतो.

वडील सांगतात. आकडा त्यांना पाठ असतो.